मुसाफिर खेळणार नाही

‘मुसाफिर’ हा शब्द माझे वडील भाकरीत खडा लागल्यासारखा उच्चारायचे. कोकणात आमच्या मुसलमान वस्तीत तो खरं तर मानाचा शब्द. ज्या घरचा पुरुष बोटीवर किंवा आखातात असेल, त्या घरची बाई विहिरीवर ‘आमचे मुसाफिरीला गेलेत’ असं सांगताना कळशी जरा जास्तच ऐटीत कमरेवर घ्यायची. बाबा स्वतः मिसरूड फुटायच्या आत मुसाफिरीला लागलेले. आधी मोठ्या आगबोटींवर खलाशी, मग सारंग, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर दुबईच्या खाडीत पडाव, म्हणजे मोठ्या बोटीवरून माल-माणसं काठाला आणणारी होडी, चालवायला लागले. मग या शब्दाचं त्यांना एवढं वावडं का, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. त्याचं मूळ फुटबॉलमध्ये होतं. माझ्या मैत्रिणींच्या घरी भांडणं जमिनीवरून, मेहेरवरून, सासवांवरून व्हायची. आमच्या घरात एकच मोठं भांडण झालं ते फुटबॉलवरून, आणि तेही असं की त्यात कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही.

आम्ही दुबईच्या खाडीच्या एका काठाला, बर दुबई भागात राहायचो. तेव्हा अमिराती हे नाव नव्हतं, तो झेंडा नव्हता. खाडी होती, खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं होती आणि बाकी सगळी रेती होती. दोन खोल्या, मध्ये अंगण, अंगणात पाण्याचा पत्र्याचा पिंप. पाणी गाढवावरून यायचं आणि पाणीवाला दारात उभा राहून ‘माय! माय!’ असं ओरडायचा. अरबीत माय म्हणजे पाणी, पण आम्ही पहिल्यांदा आलो त्या दिवशी माझी आई, म्हणजे आमची मा, हातातलं काम टाकून दाराकडे धावली होती. कुणाचा तरी पोरगा आईला हाका मारतोय, कुणी ओ का देत नाही, म्हणून. बाबा त्यावर किती तरी दिवस हसत होते. सकाळी खाडीवर लाकडी जहाजं ठोकण्याचा आवाज सुरू व्हायचा, दुपारी सगळं चिडीचूप, आणि दुपार कलली की असरच्या अजानीनंतर पुन्हा अब्रा होडीवाल्यांची ‘यल्ला, यल्ला’. मा तांदळाच्या भाकऱ्या थापायची. तांदूळ इथला, पण आमसुलं गावाहून डब्यातून यायची, आणि सुरमईच्या कालवणात ती पडली की मा म्हणायची, आता हे जेवण झालं. आमसुलं संपत आली की घरातल्या सगळ्यांचीच थोडी चिडचिड व्हायची. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. ती इथे पुस्तकी मराठीच्या जवळ आणून लिहिते आहे, नाहीतर माझी मुलंसुद्धा वाचायची नाहीत. नातवंडं तर असंही वाचणार नाहीत.

बाबांनी उमेदीची काही वर्षं कलकत्त्याहून ताग घेऊन दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्या बोटीवर काढली होती. तिकडच्या एका बंदराचं, मोंतेविदेओचं नाव ते ‘मांटविडो’ असं घ्यायचे आणि ते घेताना त्यांचा चेहरा पार बदलायचा. माल उतरेपर्यंत बोट तिथे बरेच दिवस थांबायची. खलाशांना दुसरं काय काम? हा माणूस जाऊन फुटबॉल बघत बसायचा. उरुग्वे म्हणजे केवढासा मुलूख, दोन्ही बाजूंना दांडगे शेजारी, आणि या एवढ्याशानं दोन वेळा जग जिंकलेलं. बाबा त्यावर फिदा झाले ते कायमचे. पण त्यांची आवडती गोष्ट जिंकण्याची नव्हती. ज्याच्या गोलनं दुसऱ्यांदा जग जिंकलं, ज्याच्या नावानं सगळा मुलूख रस्त्यावर येऊन नाचला, तोच खेळाडू पुढे पगारासाठी इटलीला गेला. गेला तो गेलाच. पुढच्या वर्ल्ड कपला त्याला बोलावणं नाही. घरी राहिलेल्यातून दुसरा कुणी उभा केला. आणि मग कहर म्हणजे, आजोबा का पणजोबा इटलीचा निघाला म्हणून त्या माणसानं इटलीचीच जर्सी अंगात घातली. ‘म्हाताऱ्याच्या हाडांवर जर्सी शिवून घेतली,’ असं बाबा म्हणायचे. ही गोष्ट ते आम्हाला इतक्यांदा सांगत की मा स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आधीच बोलून टाकायची.

ही गोष्ट बाबांनी नुसती सांगितली नाही, गावात लागू केली. आमच्या गावाला चामड्याचा पहिला चेंडू बाबांनी आणला, टीमही त्यांनीच उभी केली. गावापुढे खाडी आहे आणि खाडीपलीकडे दुसरं गाव. दोन्ही गावांची नावं मी लिहीत नाही, कारण ही मॅच आठवून अजून भांडणारे लोक जिवंत आहेत. दरवर्षी बाशी ईदेला, म्हणजे ईदेच्या दुसऱ्या दिवशी, या दोन गावांत मॅच व्हायची, एका वर्षी आमच्या मळ्यात, एका वर्षी त्यांच्या. सुरुवातीला काय व्हायचं, की रजेवर आलेले खलाशी नवे बूट, रंगीत मोजे घालून मैदानात उतरायचे आणि वर्षभर चिखलात अनवाणी सराव केलेली पोरं बांधावर बसायची. एका वर्षी असाच एक नांगर धरणारा पोरगा, टीममधला सगळ्यात चपळ, त्याला बसवून बोटीवरच्या एका स्टुअर्डला घेतलं, कारण स्टुअर्डनं सगळ्यांना सिगारेटी वाटल्या होत्या. तो पोरगा रडला नाही, पण पुन्हा कधी मैदानावर आला नाही. त्यानंतर बाबांनी मशिदीच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून नियम करून टाकला: मुसाफिर खेळणार नाही. जो गावात राहतो, तो गावाचा खेळाडू. मांटविडोत हेच करतात. नियम पहिला लागला तो त्यांनाच. बाबा त्यानंतर गावाच्या टीममधून एकदाही खेळले नाहीत. माझी आई पलीकडच्या गावची, ती म्हणायची, ‘नियम होण्याआधी यांनी आमच्यावर दोन गोल मारले होते, माझ्या बापानं रागानं मुलगीच देऊन टाकली.’

माझा थोरला भाऊ यूसुफ, आमचा भाई, याच मळ्यात चेंडू आणून देता देता मोठा झाला. टीममध्ये यायच्या वयाला पोचला आणि बाबांनी त्याला दुबईला आणलं. एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात तो टॅली क्लार्क होता. बोटीतून किती पेट्या उतरल्या ते मोजायचं काम. जुम्म्याच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी, शिंदग्याकडच्या रेतीत मॅच असायची. त्यात इराणी बेकरीतली पोरं, अरबांची पोरं, बँकेतले एकदोन गोरे साहेब आणि आमचे लोक असायचे. मुलगी म्हणून मला जवळ जाता येत नसे, पण मा आणि मी कबरस्तानाच्या भिंतीआडून बघायचो. मला खेळातलं फारसं कळत नव्हतं. एवढं मात्र कळायचं, की चेंडू भाईकडे आला की बाकीचे सगळे अर्ध्या क्षणासाठी थांबतात. बाबाही लांब, पडावाच्या दोरांच्या ढिगावर बसलेले दिसायचे. ते कधी ओरडले नाहीत. घरी आल्यावर मात्र जेवताना हळूच म्हणायचे, ‘डावा पाय अजून कच्चा आहे.’ हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक.

त्या वर्षी, म्हणजे सहासष्ट साली, वर्ल्ड कप इंग्लंडात होता. आमच्याकडे ट्रान्झिस्टर नवा आलेला. तो पाण्याच्या पिंपावर ठेवला की आवाज मोठा येतो असा भाईचा शोध होता. उरुग्वेची मॅच एका संध्याकाळी होती, पण नशीब असं की त्याच वेळी इंग्लंडचीही मॅच आणि रेडिओवाले धावतं वर्णन इंग्लंडचंच देणार. उरुग्वेचं मध्येच एखादं वाक्य. बाबा अंगणात उकिडवे बसले होते, घामानं बनियन पाठीला चिकटलेलं. मी चहा घेऊन उंबऱ्यात. एक वाक्य आलं, जर्मनांचा गोल. मग उरुग्वेचे दोन खेळाडू मैदानाबाहेर काढल्याचं. मग आणखी एक गोल. बाबांची मान खाली जात चालली होती.

भाई म्हणाला, ‘बाबा, ते तुमचे बाहेर गेलेले खेळाडू आज असते तर?’

‘नसते.’

‘का पण? तो माणूस चोरी करायला गेला होता का? पोटासाठी गेला.’

‘पोटासाठीच गेला,’ बाबा म्हणाले. ‘मी कुठे त्याला चोर म्हणतोय? गेला, त्याची जागा रिकामी झाली, ती दुसऱ्याला मिळाली. मग हा सुट्टीत येऊन म्हणणार, ऊठ, ही माझी जागा? तो दुसरा काय तोपर्यंत जागा गरम करून ठेवत होता?’

‘आणि हरले तर?’

‘हरले तर हरले. त्यांचेच होते.’

‘खलास,’ भाई म्हणाला आणि ट्रान्झिस्टर बंद केला. बाबांनी तो पुन्हा लावला. वर्णन इंग्लंडचंच चालू होतं. शेवटी चार गोल झाल्याचं आलं तेव्हा बाबा नमाजाला निघून गेले होते. निकाल त्यांना मी सांगितला. त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं.

आता माझी नात माझ्या शेजारी सोफ्यावर बसून त्याच टीमची मॅच बघते. मोठा टीव्ही, एसी, समोर चिप्स. मी तिला विचारते, यातले घरी राहून खेळणारे किती? ती फोनवर शोधते आणि म्हणते, ‘नानी, ऑलमोस्ट नोबडी. दे ऑल प्ले इन युरोप.’ मी म्हणते, आणि तरी त्यांना घेतात? ती माझ्याकडे अशी बघते की मी पाणी ओलं का असतं असं विचारलंय. ‘ऑफ कोर्स, नानी. दे आर द बेस्ट.’ तिचं बरोबर आहे. ती शारजात जन्मली, सुट्टीला पुण्याला जाते, आणि कुठली तू असं विचारलं तर ‘डिपेंड्स’ म्हणते. भाईच्या वेळी हे उत्तर चालत नव्हतं.

त्याच वर्षी तिकडचा पावसाळा संपल्यावर गावाहून एक माणूस बोटीनं आला, त्याच्याकडे कासमचाचांचा तोंडी निरोप होता. कासमचाचा बाबांचे चुलतभाऊ, बाबा मुसाफिरीवर असल्यानं गावची टीम त्यांच्याकडे होती. निरोप असा: यंदा रमजान ईदेला यूसुफ रजेवर येतोय असं ऐकलं. त्याच्या खेळाची तारीफ इथवर आली आहे. आमच्या दोन पोरांना मुंबईत गिरणीत नोकरी लागली, टीम लंगडी आहे. पोराला घ्यायचं मनात आहे. पण नियम तुझा आहे, मोडायचा तर तू मोड. एक शब्द पाठव.

भाई तिथेच होता. निरोप ऐकून त्याचे कान लाल झाले. त्याला गावाच्या टीमचा हिरवा सदरा एकदाच, एकाच मॅचला घालायचा होता. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण माला आणि मला ते माहीत होतं, कारण हिरवा कपडा बाजारात दिसला की तो हात लावून बघायचा. बाबांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला, गावच्या भाताची चौकशी केली, कुणाची म्हैस व्याली ते विचारलं आणि उत्तर दिलं नाही. माणूस जायला निघाला तेव्हा म्हणाले, ‘यूसुफ जाईल तेव्हा त्याच्याबरोबर सांगतो.’

मग रमजान सुरू झाला आणि घरातले सगळेच दिवसभर तोंड मिटून असल्यानं बाबांची चुप्पी उठून दिसेना. रोजा सोडताना खजूर, भजी, लिंबाचं सरबत. त्या घोटाबरोबर आता ते बोलतील असं आम्हाला रोज वाटायचं. मानं आपल्या परीनं सगळं करून बघितलं. त्यांच्या आवडीच्या कोलंबीचा पुलाव केला. एकदा सरळच म्हणाली, ‘एक शब्द तर हवा. तुमचा काय मसाला लागतो त्याला?’ बाबा म्हणाले, ‘मी तो नियम दुसऱ्यांच्या पोरांसाठी केला आणि माझ्या पोरासाठी मोडला, असं होईल. तो नांगरवाला अजून गावात आहे. रोज मळ्यावरून जातो.’ मा उठून भांडी आवरायला लागली. ते खोटं बोलत नव्हते. तरी मी दोन दिवसांनी त्यांच्या पायाला तेल लावताना धीर करून म्हटलं, ‘बाबा, भाईला फार वाटतंय.’ त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, ‘मला दिसत नाही काय?’ आणि गुडघ्याकडे बोट दाखवलं, इथे चोळ.

भाईची बोट रमजानच्या मध्यावर होती. तेव्हा मोठी बोट खाडीत येत नसे, बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि उतारूंना पडावातून तिथपर्यंत न्यायचे. त्या दिवशी पडाव बाबांचाच होता. मा आणि मी सोडायला पडावात बसलो. मानं भाईला बजावलं, ‘बोटीवर रोजा धरू नको. उलट्या होतील. मुसाफिराला रोजा माफ आहे.’

‘मी मुसाफिर नाही, मा,’ भाई म्हणाला. ‘मी घरी चाललोय.’

हे त्यानं जरा मोठ्यानंच म्हटलं, मागे सुकाणूवर ऐकू जाईल असं. बाबा पुढे बघत होते. खाडीचं तोंड ओलांडेपर्यंत पाणी शांत होतं, मग पडाव वर-खाली व्हायला लागला. माच्या पदरात आमसुलं आणायला रिकामा डबा होता, तो प्रत्येक लाटेला खडखडायचा. बोट जवळ जवळ येत होती. मी मनात म्हणत होते, आता सांगतील, पाण्यावर तरंगणाऱ्या त्या पिवळ्या पिंपापाशी पोचलो की सांगतील. तो पिंप मागे पडला. मग म्हटलं, शिडीपाशी. शिडीपाशी पडाव लावायला त्यांना दोन्ही हात आणि सगळं लक्ष लागलं, ‘पकड! ढील दे!’ असं खलाशांवर ओरडणं चाललं होतं. भाई पेटी आणि आमसुलांचा डबा घेऊन उठला. तो बाबांसमोर उभा राहिला, सलाम केला आणि वाट बघत राहिला. मागचे उतारू ‘चलो भाई, चलो’ म्हणून रेटत होते. बाबांनी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीची पट्टी सरळ केली. ‘सांभाळून चढ,’ म्हणाले. ‘पायरी ओली आहे.’ भाई चढला. वर जाऊन त्यानं खाली बघितलं नाही. परत येताना मा तोंडात पदर धरून बसली होती आणि मी बाबांच्या पाठीकडे बघत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या पाठीकडे बघून रागसुद्धा येईना, नुसतं रडू येत होतं.

ती ईद आमच्याकडे कशीतरीच झाली. मानं शिरखुर्मा केला, शेजारच्या घरांतून वाट्या आल्या-गेल्या, ‘ईद मुबारक, हबीबी’ करत बाबांच्या ओळखीचे अरब खलाशी येऊन गेले. बाशी ईदेला बाबा कामावर गेले नाहीत. अंगणात फेऱ्या मारत राहिले. दुपार उलटल्यावर मला म्हणाले, ‘तिकडे आता उन्हं उतरली असतील.’ मी हो म्हटलं. दोघांनाही जे विचारायचं होतं ते समुद्रापलीकडे घडत होतं, आणि त्यात आमचा कुणाचाच हात पोचत नव्हता.

भाई परत आला तो दुपारच्या वेळी. पडाव त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा होता, त्यामुळे तो एकदम दारातच उभा राहिला. उन्हानं काळवंडला होता. आमसुलांचा डबा मापुढे ठेवला. मानं ताबडतोब भाकऱ्या थापायला घेतल्या. बाबा जेवायला घरी आलेले, ते आतल्या खोलीत बसून राहिले, बाहेर यावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी भाईच त्यांच्यासमोर जाऊन बसला. कुणी विचारायच्या आत बोलायला लागला, जसं एखाद्याला ओझं खाली ठेवायची घाई असावी.

मशिदीच्या ओट्यावर टीम निवडायला बसले होते. कासमचाचांनी विचारलं, बाबांचा निरोप? भाईनं सांगितलं, काही नाही. कासमचाचा म्हणाले, ‘हो म्हणाला नाही, तसा नाही पण म्हणाला नाही. मग आपणच ठरवू.’ मौलवीसाहेब बसले होते, त्यांनी गमतीनं विचारलं, मुक्काम चार दिवसांच्या वर आहे ना? आहे, म्हटल्यावर म्हणाले, ‘मग शरीयतनं तू मुसाफिर नाहीस, नमाज पुरी पढायची. अल्लाच्या हिशेबात तू मुकीम, इथलाच.’ सगळे हसले. सगळ्यांच्या मनात त्याला घ्यायचंच होतं. हिरव्या सदऱ्यांचं गाठोडं तिथेच होतं, कासमचाचांनी त्यातला एक उचललासुद्धा, आणि सदरा झटकता झटकता सहज विचारलं, ‘बरं, परतीची बोट कधीची?’

‘मी म्हटलं,’ भाई सांगत होता, ‘घरी जायची बोट ना? पंधरा दिवसांनी.’

मा भाकरी थापायची थांबली.

‘मी काय बोललो ते मला कळलंच नाही. त्यांच्या तोंडांकडे बघितलं तेव्हा कळलं. कासमचाचांनी सदऱ्याची घडी घातली. मग म्हणाले, बाळा, तुझं चुकलं नाही. माणूस जिथे जेवतो-झोपतो त्यालाच घर म्हणतो. पण मग आमचा नांगरवाला मला काय म्हणेल?’

भाई पुढे म्हणाला की पलीकडच्या गावाहून मामूंनी संध्याकाळीच तरीनं, खाडी पार करायच्या होडीनं, माणूस पाठवला: भाच्याला त्यांनी घेतलं नाही तर आम्ही घेतो. नानाच्या, आईच्या बापाच्या नावावर खेळ, आम्हाला असला काही नियम नाही. ‘मला त्या इटलीवाल्याची गोष्ट आठवली,’ भाई म्हणाला. ‘तुमची आठवण आली. आणि रागानंच मी गेलो. पिवळा सदरा घातला.’

मॅच यंदा पलीकडच्या मळ्यात होती. एक-एक गोल झालेला. शेवटी शेवटी चेंडू भाईच्या पायात आला. समोर फक्त गोली, आमच्याच गावचा, भाईबरोबर चेंडू आणून देत मोठा झालेला. तो पुढे आला आणि हळूच म्हणाला, ‘यूसुफ्या.’ बस एवढंच. भाईनं मारला आणि चेंडू गोलाच्या बांबूच्या बाहेरून गेला.

‘मुद्दाम मारलास बाहेर?’ बाबांनी विचारलं. इतक्या वेळात ते पहिल्यांदा बोलले.

‘ठाऊक नाही,’ भाई म्हणाला. ‘खरंच ठाऊक नाही, बाबा. डाव्या पायावर आला होता.’

मॅच बरोबरीत सुटली. आमच्या गावच्यांनी त्याला ओळखच दाखवली नाही, तो पिवळा सदरा घालून आला होता ना. आणि पलीकडचे म्हणायला लागले, शेवटी गेला आपल्या गावावर, मुद्दाम घालवला. मामूसुद्धा म्हणाले, ‘भाच्या, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ दोन्हीकडून शिव्या बसल्या असत्या तरी बरं, पण कुणी शिवीही दिली नाही, असं भाई म्हणाला. सगळे नुसते आपापल्या घोळक्यात गेले.

मा चुलीपासून उठून दारात आली. पिठाचे हात तसेच. बाशी ईदेच्या मॅचनंतर दोन्ही गावांना एकाच मळ्यात जेवण असतं, बिर्याणीची देगं लागतात, एका पंगतीत एक गाव, समोरच्या पंगतीत दुसरं. तिनं बापाच्या घरी असताना ती बिर्याणी रांधलेली, तिला सगळं माहीत होतं. तिनं गोलाचं काही विचारलं नाही. ‘मग तू बसलास कुठल्या पंगतीला?’ तिनं विचारलं.

भाई म्हणाला, ‘बसलो नाही. धक्क्यावर जाऊन तरीत बसलो. तरीवाल्यानं विचारलं, जेवलास? मी नाही म्हटलं. खाडीच्या मध्यावर आल्यावर त्यानं वल्हं आत घेतलं आणि फडक्यातली अर्धी भाकरी मला दिली. तिथेच खाल्ली.’

हे ऐकून मा रडली. बाबा रडले नाहीत. ते उठले, खुंटीवरचा सदरा घेतला, पुन्हा ठेवला, खोलीभर नजर फिरवली, जणू या सगळ्यावर करता येण्यासारखं काहीतरी काम खोलीत कुठेतरी ठेवलेलं असेल. नियम त्यांचा होता, तो बरोबरही होता, आणि त्यांचा मुलगा दोन गावांच्या मधल्या पाण्यावर बसून परक्याची भाकरी खाऊन आला होता. यातलं काय बदलायचं ते त्यांना सापडेना. माझ्याकडे बघितलं. शेवटी ते भाईच्या शेजारी खाली बसले आणि माला म्हणाले, ‘त्याला वाढ.’

त्याच्यापुढे ताट मी केव्हाच वाढलेलं होतं. भाकऱ्या होत्या, सुरमई होती, त्यानं कशालाच हात लावला नव्हता. मानं त्यावर आणखी एक भाकरी ठेवली.